ओहायोत भेटलेलं नागोया

अमेरिकेहून आल्यापासून भेटेल तो आधी नायगाऱ्याचं विचारतो. नायगारा राहिलाच, असं सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. "मग दीड महिना केलंत काय?" आम्ही दोन दिवस ओहायोला जाऊन आलो, असं सांगितलं की पुढचा प्रश्नच येत नाही. ओहायोत मका आहे, सोयाबीन आहे आणि सरळसोट रस्ते आहेत. पण सदुसष्ट वर्षांत केलेल्या प्रवासांपैकी लिहून ठेवावा असं मला वाटलं तो हाच एक.

नोव्हाय

माझी बायको शैला. तिचा धाकटा भाऊ वसंत पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ नोव्हाय नावाच्या गावात त्याचं घर आहे. मोटारींच्या धंद्यावर जगणारं गाव. आपली माणसं तिथे इतकी, की पहिल्या आठवड्यात तीन घरी जेवायला बोलावणं आलं आणि तिन्ही घरी पावभाजी होती. पण तिथे जपानी माणसंही भरपूर आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं ईशामुळे. ईशा ही वसंतची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, तिथेच जन्मलेली. एका रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम करते. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यात इंग्रजीत घसरतं. एका सकाळी ती मला जपानी किराणा दुकानात घेऊन गेली. काचेचं दार सरकलं आणि आतल्या तिघाचौघांनी एका सुरात "इराश्शाइमासे!" म्हटलं. म्हणजे या, आपलं स्वागत आहे. तो सूर इतक्या वर्षांनी कानावर पडला आणि मी दारातच उभा राहिलो. मागून येणाऱ्या बाईंची ट्रॉली माझ्या टाचेवर आपटली.

"काका, आर यू ओके?"

"ओके, ओके. टाच जागेवर आहे."

आत फ्रिजमध्ये डब्यातली कॉफी होती, तीच अरुंद उंच डबी. मी एक घेतली. गार होती. नागोयात हिवाळ्यात रस्त्यावरच्या यंत्रात नाणं टाकलं की हीच कॉफी गरम यायची. दोन घ्यायच्या आणि कोटाच्या दोन खिशांत एकेक ठेवून हात शेकत चालायचं. हे मी ईशाला सांगितलं, आणि मग दुकानाबाहेरच्या बाकावर बसून तासभर सांगतच राहिलो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मी भोसरीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. आम्ही स्कूटरचे स्पीडोमीटर बनवायचो. काटा हाताने बसवायचा, स्क्रू हाताने पिळायचे. एका जपानी कंपनीशी करार झाला आणि गोडबोले व मी असे दोघे नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगला नागोयाला गेलो. घरी टेलिफोनसाठी नंबर लावून चार वर्षं झाली होती. आणि इथे टॅक्सीचं दार आपोआप उघडत होतं. रस्ता ओलांडायचा दिवा हिरवा झाला की आंधळ्या माणसाला कळावं म्हणून पाखरू बोलत होतं. तिकीट यंत्र गिळायचं आणि पलीकडून परत द्यायचं. कारखान्यात माणसाच्या खांद्याएवढे यांत्रिक हात दिवसभर न थकता काटे बसवत होते. मला वाटलं, जगात पुढे जे होणार आहे ते इथे आधीच होऊन बसलंय.

"यू सॉ द फ्यूचर," ईशा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. या मुलीला त्या काळातल्या जपानी वस्तूंचं वेड आहे. तिच्या खोलीत मिनीडिस्क आहेत. पेटीत बंद केलेली ही इवलीशी तबकडी कॅसेटची जागा घेणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जिथे ईशा कधी गेली नाही आणि ज्या काळात ती जन्मलीही नव्हती, तिथली तिला आठवण येते. हसू आलं, पण तिच्यासमोर मी हसलो नाही, कारण माझीही गत फारशी वेगळी नव्हती.

आमच्या विभागाचे प्रमुख होते निशिओ-सान. 'सान' म्हणजे आपलं राव किंवा साहेब. पन्नाशीचे, बुटके, कडक. माझं आडनाव काळे. जपानी जिभेला 'ळ' जमत नाही, म्हणून मी झालो 'करे-सान', आणि 'करे' म्हणजे त्यांच्याकडे भातावर वाढतात ती करी. विभागातली पोरं हसायची, निशिओ-सान हसायचे नाहीत. ट्रेनिंग संपताना त्यांनी मला त्यांच्या नव्या विभागात तीन वर्षांची नोकरी देऊ केली. बायकोला घेऊन या, म्हणाले. मी हो म्हटलं. शैलाला आणायला पुण्याला आलो आणि पंधरा दिवसांत माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. वसंत नुकताच अमेरिकेला गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. मी निशिओ-सानना टेलेक्स पाठवला: पत्नीची आई आजारी, येऊ शकत नाही, क्षमस्व. त्यांचं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती. आणि थोडे दिवस गेले की लाज आणखी वाढते.

पुढची सगळी वर्षं मी भोसरीत काढली. वीज गेली, मिक्सर जळला, एस.टी. चुकली, की मी म्हणायचो, "आज नागोयात असतो तर." शैला त्यावर कधी काही बोलली नाही.

गोडबोलेचं आणि निशिओ-सानांचं मात्र नववर्षाच्या कार्डांपुरतं सूत होतं. त्याच्याकडूनच कळलं की निशिओ-सान आता सत्त्याऐंशीचे आहेत, पत्नी वारल्या, आणि ते ओहायोत डब्लिन नावाच्या गावी मुलीकडे राहतात. नोव्हायपासून गाडीने तीन-साडेतीन तास. ईशाला हे सांगण्याची चूक मी त्या बाकावरच केली. तिने संध्याकाळच्या आत निशिओ-सानांच्या मुलीला फोन लावून शनिवार-रविवार ठरवूनही टाकला.

शैला एवढंच म्हणाली, "मी पण येते. इतकी वर्षं ऐकतेय, बघू तरी."

अ‍ॅन आर्बर

शनिवारी सकाळी निघालो. शैलाने धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. भेट म्हणून पुण्याहून आणलेला भाकरवडीचा डबा होता.

अर्ध्या तासावर अ‍ॅन आर्बर लागतं. विद्यापीठाचं गाव, फुटपाथवर पुस्तकं, सायकली आणि सगळे तरुण. ईशाने गाडी थांबवली ती जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानासमोर. आत गेलो आणि वाटलं, माझीच ट्रंक कोणीतरी उघडून मांडून ठेवलीय. कॅल्क्युलेटरवाली घड्याळं, खिशात मावणारा टीव्ही, दोन स्पीकरचे टेपरेकॉर्डर, फॅक्स. आणि काचेखाली, मऊ कापडावर, मी नागोयात घेतला होता तोच निळा कॅसेट प्लेअर. माझा आम्ही बोहारणीला दिला होता.

दुकानदार तिशीतला, दाढीवाला. ईशाने त्याला माझी ओळख करून दिली. "हे माझे काका. ते तिथे होते. तेव्हा!"

तो काउंटरमागून बाहेर आला. दोन गिऱ्हाइकंही सरकून जवळ आली. "खरंच? कसं होतं ते शहर?"

मला इतक्या आदराने कोणी काही विचारून बरीच वर्षं झाली होती. मी बोलायला लागलो. पावसात भिजलेल्या रस्त्यांवर पडलेले निऑनचे रंग, जमिनीखालचा लखलखीत बाजार, मिनिटाला मिनीट जुळणाऱ्या गाड्या. बोलता बोलता मी रंग भरत गेलो. नऊ महिन्यांत फक्त एकदा बुलेट ट्रेनमध्ये बसलो होतो, तर ते दर आठवड्याला बसल्यासारखं सांगितलं.

"मग परत का गेलात?" दुकानदाराने विचारलं.

"राहणारच होतो. नोकरी हातात होती. पण घरच्या अडचणी. बायकोला जमण्यासारखं नव्हतं."

हे मी इंग्रजीत म्हणालो. शैला दारापाशी एका जुन्या फोनचा चकतीचा डायल फिरवून बघत होती. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं आहे, ती शाळेत गणित शिकवायची. तिने डायल सोडला. तो खरखरत जागेवर परत आला, आणि ती बाहेर जाऊन गाडीजवळ उभी राहिली.

पुढच्या रस्त्यात तिने आम्हाला धपाटे दिले, ईशाला चटणी तिखट लागतेय का विचारलं. माझ्याशी वेगळं काही बोलली नाही. ओहायोच्या हद्दीवरच्या टोलेडो शहरात ईशाचा एक फाटा चुकला आणि आम्ही तेलशुद्धीकरणाच्या टाक्यांमधून वीस मिनिटं भटकलो. एरवी मी म्हटलं असतं, जपानमध्ये पाट्या कशा असतात बघ. त्या दिवशी गप्प बसलो.

डब्लिन

टोलेडो सोडलं की जमीन ताटासारखी सपाट होते. सप्टेंबरचा शेवट होता. मका वाळून पिवळा पडलेला, सोयाबीनची पानं गळायला आलेली, मध्येच धान्य साठवायचा उंच गोल मनोरा आणि त्याच्याभोवती दहा-बारा घरांचं गाव. शैला म्हणाली, "हे आपल्या लातूरकडच्यासारखंच दिसतंय, फक्त माणसं काढून घेतलेलं."

डब्लिनमध्ये एका मैदानात माणसाहून उंच अशी काँक्रीटची मक्याची कणसं रांगेत उभी केलेली आहेत. शंभराच्या वर. कोणीतरी शिल्पकाराने केलीत. आम्ही त्यांच्यामधून फिरलो, ईशाने फोटो काढले. रात्री रस्त्यालगतच्या मोटेलात राहिलो. रविवारी सकाळी न्याहारीच्या खोलीत शैलाने उरलेला धपाटा टोस्टरमध्ये घातला, तो खाली अडकला, धूर झाला आणि छतावरची घंटा कोकलायला लागली. एक ट्रकवाला गृहस्थ खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होता. घंटा थांबल्यावर शैलाने त्याला शाबूत असलेला धपाटा दिला. त्याने तो उभ्या उभ्या संपवला आणि आणखी आहे का, असं विचारलं.

दहाला आम्ही निशिओ-सानांच्या दारात होतो.

मला काय अपेक्षित होतं कोण जाणे. बाकीच्या गल्लीसारखंच ते लाकडी घर होतं, बास्केटबॉलचं कडं लावलेलं. दार त्यांच्या मुलीने उघडलं. नाओको-सान, साठीच्या आसपास, मुलांना पियानो शिकवतात. दाराशी चपलांची रांग होती. शैलाला बरं वाटलं. अमेरिकेत आपल्या लोकांची घरं सोडली तर पहिल्यांदाच तिला न विचारता चपला काढता आल्या.

निशिओ-सान मागच्या अंगणात मुळे उपटत होते. पांढरे, हाताएवढे मुळे. ते आणखी बुटके झाले होते, पाठ वाकली होती. त्यांनी हात धुतले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "करे-सान. जाड झालात."

मी कमरेत वाकून नमस्कार केला. पाठ केलेली जपानी वाक्यं होती, पहिल्या दोन शब्दांनंतर ती नाहीशी झाली. पुढचं बोलणं इंग्रजीतच झालं. त्यांचं तुटक, अडलं तिथे नाओको-सान सांगायच्या.

भाकरवडीचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाच्या उंचीला नेला आणि न उघडता बाजूला ठेवला. शैलाने मला हळूच विचारलं, "आवडलं नाही का?" मी सांगितलं, पाहुण्यांसमोर उघडत नाहीत. मग हिरवा चहा आला, तांदळाचे कुरकुरीत पापड आले, आणि मुळ्याचं लोणचं, जे शैलाने तीनदा घेतलं.

मी नागोयाबद्दल बोलायला लागलो. यांत्रिक हात, पाखराच्या आवाजाचा दिवा, गरम कॉफी. निशिओ-सान ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्हाला फार छान छान आठवतं. मला आठवतं की तुम्ही खूप बारीक होतात. भात आणि काकडी खायचात. मासे असतील म्हणून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाहीत."

ईशा हसली. मीही हसलो.

"आणि हॉस्टेलच्या जिन्याखाली फोन होता. रविवारी तुम्ही तिथे उभे असायचात. पुण्यात तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लागायचा नाही. एकदा तुम्ही रडत होतात. मी पाहिलं आणि दुसऱ्या जिन्याने गेलो."

मी हे विसरलो होतो. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, मी ते कोणाला कधी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगता सांगता ते नव्हतंच झालं होतं. आता त्या फोनचा हिरवा रंग आठवला. जिन्याखालचा ओला वास आठवला. परत येताना विमानात बसल्यावर माझा जीव किती मोकळा झाला होता, तेही आठवलं. शैला माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "निशिओ-सान, मी शब्द मोडला. तुम्ही माझ्यासाठी वर शब्द टाकला होता. त्याची माफी मागायला आलोय."

त्यांनी हात हलवला. "नवा विभाग दोन वर्षांत बंद झाला. वाईट दिवस आले होते. अकरा जण होते. मी प्रत्येकाला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं. कोणाला गोदामात पाठवलं, कोणाला घरी. तुमची खुर्ची बारावी होती. परदेशी माणूस, त्याला आधी घरी पाठवलं असतं. ती रिकामी होती म्हणून मला एकदा कमी बोलावं लागलं. मग मला इथे पाठवलं. ओहायो. जपानीत ओहायो म्हणजे सुप्रभात. ऑफिसात सगळे म्हणाले, निशिओ, तू सुप्रभाताच्या देशात चाललास. इथे मी गाड्यांच्या सीटच्या स्प्रिंग बनवल्या. यांत्रिक हात नव्हते. पाच वर्षं एकटा राहिलो, मग बायको आली."

मग ते शैलाकडे वळले. इतका वेळ त्यांनी तिच्याशी फक्त चहापुरतं बोलणं केलं होतं. आता त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"तुमच्या आई. पुढे किती वर्षं होत्या?"

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"अंथरुणावर?"

"दोन वर्षं. मग उठून बसायला लागली. मग काठी घेऊन चालायला लागली. शेवटी शेवटी तर अंगणातली तुळस ती स्वतः बघायची."

नाओको-सानांनी ते जपानीत सांगितलं. काठीचं सांगताना त्यांनी हाताने काठी टेकून दाखवली. निशिओ-सान मान डोलवत राहिले.

"छान. फार छान." मग ते माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाले, "करे-सान, तुम्ही आला नाहीत, ते बरोबर होतं. पण पत्र लिहायला हवं होतं. माझ्या बायकोने तुमच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. पडदे लावले होते. दुसऱ्यांना दिल्या, त्याचं काही नाही. पण ती दोन वर्षं मला विचारत होती, त्या मुलीच्या आईचं काय झालं? मी सांगायचो, माहीत नाही."

त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. फडताळावर तिचा फोटो होता, समोर पाण्याचा छोटा पेला. शैला उठली, फोटोपुढे गेली आणि आपल्या पद्धतीने हात जोडले. मी जागेवर बसून राहिलो. माफी मागायला मी आलो होतो ती भलत्याच गोष्टीची, आणि खरी ज्यांची मागायला हवी होती त्या बाई आता नव्हत्या.

निघताना निशिओ-सानांनी शैलाला दोन मुळे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. गाडी वळेपर्यंत ते दारात उभे होते. जपानी लोक पाहुणा दिसेनासा होईपर्यंत आत जात नाहीत. मागे बघून मी तीन वेळा वाकलो, तर तेही तीन वेळा वाकले, शेवटी ईशानेच वेग वाढवला.

टोलेडोच्या अलीकडे

परतताना टोलेडोच्या अलीकडे एका रेस्ट एरियात थांबलो. तिथे झाडाखाली लाकडी बाकं आहेत. ईशा कॉफी आणायला आत गेली. आम्ही दोघं बाकावर बसलो. समोर ट्रक रांगेने उभे होते.

मी म्हणालो, "काल त्या दुकानात मी जे बोललो, ते चुकीचं होतं."

"कोणतं?"

"तुला जमण्यासारखं नव्हतं, हे."

ती म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही पुढे जा, आईचं सावरलं की मी येते. तुम्ही म्हणालात, एकट्याने नाही जाणार. मला तेव्हा वाटलं, माझ्यासाठी थांबलात."

"थांबलो होतो."

"अहो, मला आज कळलं की तुम्ही घाबरलाही होतात. त्यात काही वाईट नव्हतं. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं." तिचा आवाज शांत होता. तोच मला झेपत नव्हता. "साताऱ्याची शाळा आठवते?"

आठवत होती. शैलाच्या संस्थेने साताऱ्याला नवीन शाळा काढली, तेव्हा मुख्याध्यापिकेसाठी तिची मुलाखत झाली होती. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तिला नाही मिळालं, दुसऱ्या कोणाला दिलं, असं तिने घरी येऊन सांगितलं होतं. मी समजूत घातली होती. आपल्याला काय कमी आहे, म्हणालो होतो.

"मिळालं होतं," शैला म्हणाली. "पत्र हातात दिलं होतं त्यांनी. मी आठ दिवस पर्समध्ये ठेवलं आणि मग नाही म्हणून कळवलं."

"का?"

"तुमचं एक मोडलं होतं माझ्यामुळे. असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणत होतात ना, मिक्सर जळला तरी म्हणत होतात. मग दुसऱ्यांदा तुम्हाला कसं सांगायचं, की आता माझ्यासाठी घर हलवा?"

ट्रकचं एक इंजिन सुरू झालं, बंद झालं. बोलायचं खूप होतं, पण जे तोंडात येत होतं ते सगळं माझ्याबद्दलचं होतं. मला कसं वाटतंय, मी किती मूर्ख. ते गिळलं आणि विचारलं, "कशी होती शाळा?"

तिने माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतोय का ते पाहिलं.

"मी बघून आले होते. मुलाखतीनंतर तशीच एस.टी.ने गेले. आठ खोल्या होत्या, अजून रंग नव्हता लावलेला. मागे उतार होता. मला वाटलं, तिथे पायऱ्या केल्या तर मुलं बाहेर बसून भूमिती शिकतील. सावली मोजायची, झाडाची उंची काढायची. कोपऱ्यातली खोली मी मनात प्रयोगशाळेला दिली होती. पूर्वेचा उजेड येत होता."

ईशा कॉफी घेऊन आली. आमच्याकडे बघून क्षणभर घुटमळली, "शुड आय..." म्हणाली, पण शैलाने तिला हाताने बस म्हणून सांगितलं आणि बोलतच राहिली. गाडीतही बोलत होती. किती मुलांना किती शिक्षक, मुलींसाठी वेगळी नळकोंडाळी, शनिवारी गणिताचं मंडळ. मिशिगनची हद्द लागली, अ‍ॅन आर्बर मागे गेलं. मी मध्ये एकही शब्द बोललो नाही. ईशाने एकदा विचारलं, "आत्या, व्हाय डिडन्ट यू गो?"

"नाही जमलं गं," शैला म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

सातारा

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. निशिओ-सानांना पत्र लिहिलं, हाताने, सासूबाईंच्या त्या अकरा वर्षांबद्दल. काठी कधी आली, पहिल्यांदा त्या पायरी कधी उतरल्या, सगळं. मला आठवत नव्हतं ते शैलाला विचारून लिहिलं. बरंचसं विचारूनच लिहावं लागलं. पत्रातल्या बातम्या आता कोणाच्या कामाच्या नाहीत, तरी नाओको-सानांनी ते आईच्या फोटोसमोर वाचून दाखवल्याचं कळवलं.

आणि गेल्या महिन्यात एका मंगळवारी आम्ही साताऱ्याला गेलो. शाळा तीन मजली झाली आहे. मागचा उतार राहिलेला नाही, तिथे बसगाड्या उभ्या असतात. मधली सुट्टी होती, मुलांचा कल्ला चालला होता. कार्यालयाबाहेर भिंतीवर लाकडी फलक आहे, त्यावर स्थापनेपासूनच्या मुख्याध्यापकांची नावं पांढऱ्या रंगात ओळीने लिहिली आहेत. शैला चष्मा लावून फलकासमोर उभी राहिली. सगळ्यात वरचं नाव तिने वाचलं, मग खालची सगळी वाचली, आणि पुन्हा वरच्या नावाशी आली.

आतून शिपाई बाहेर आला. "कोणाला भेटायचंय, मॅडम?"

"कोणाला नाही," ती म्हणाली. "असंच बघत होते."